ओट्याची उंची

शॉमबर्ग, १२ जानेवारी १९९७

ती. आईस सप्रेम जयभीम.

आम्ही मजेत आहोत. बर्फ खूप आहे, पण घरात हीटर असतो, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

दादाचा फोन आला होता. उन्हाळ्यात स्वयंपाकघर नवं करणार, ग्रॅनाइटचा ओटा येणार, ऐकून बरं वाटलं. उंची ठरवायला मिस्त्रीनं वहिनीच्या कोपराचं माप घेतलं म्हणे. घ्या! लग्नाला वर्ष झालं नाही, तर ओटासुद्धा तिच्या मापाचा. जुना तुझ्या मापाचा होता. मी तुझ्याएवढी झाले तेव्हा तू शेजारीपाजारी सांगत फिरलीस, आठवतं? टाइल्सचा रंगही तिनंच निवडला का? मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. मी काय, पाहुणीच.

इथला ओटा मला उंच पडतो. तुझ्या जावयानं एक बुटकं स्टूल आणलंय, त्यावर उभी राहून पोळ्या लाटते. सवय झाली.

पण आई, वहिनी तुझ्याहून वीतभर उंच, तू कशावर उभी राहणार? दादाला हे सुचलंही नसेल. मे महिन्यात येताना स्टूल घेऊन येते, परत नेणार नाही. वहिनीला सांग, ते ओट्याजवळच राहील, माळ्यावर टाकायचं नाही.

तुझी, अजून तुझ्याएवढीच,
करुणा