चाकूरच्या पुढं

मंजुश्री,

चाकूर मागं गेलं आणि मी अजून गाडीतच आहे. खरंच वाटंना.

तू म्हणालीस, "भागवत, आपल्या लग्नाचं माझ्या आप्पांशी स्वतः येऊन बोल." दोनदा निघालो, दोनदा अर्ध्या वाटेत उतरलो. कॉलेजही असंच परीक्षेच्या हॉलमधून सुटलं. छाती धडधडायची, वाटायचं आता मेलोच. मग गाडीत कंडक्टरशी भांडायचो, म्हणजे उतरायला कारण मिळायचं. तुला वाटायचं डोकं गरम हाय. मलाही तसंच वाटायचं. ती भीती होती, हे अर्धापूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

"काळीज ठणठणीत आहे तुझं. ही भीती म्हणजे केळीच्या बागेतलं राखणीचं कुत्रं. मालकावरही भुंकतं, पळालास की मागं लागतं. जागेवर थांब, श्वास सावकाश सोड."

आज अहमदपूर सुटल्यावर ते कुत्रं आलंच. मी उठलो. कंडक्टर म्हणाला, "उतरायलास का भांडायलास? एक काय ते ठरीव बाबा."

मी बसलो. तू पूजेला इष्टलिंग तळहातावर घेऊन एकटक बघतेस ना, तसा रिकाम्या तळहाताकडं बघत श्वास सोडत राहिलो. भीती चढली, लई चढली, आणि मंजू, आपोआप ओसरली! माझ्याच अंगात एवढं मोठं वादळ उठतं आणि आपलं आपण निवतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

तुमचं लातूर आलं. पत्र खिशातच ठेवतो, आता तोंडानं सांगतो. आप्पांच्या दुकानाची पायरी चढताना पुन्हा धडधडेल. धडधडू दे. त्या कुत्र्यालाही संगं घेऊन येतो.

तुझा, शेवटच्या थांब्यापर्यंत आलेला
भागवत