चोविसावी नळी

१२ फेब्रुवारी २०२४

आले एकदाची! गंगापुरातून काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं, मांडीवर बॅग आणि बॅगेवर आईच्या लोणच्याची बरणी. बरणी फुटली नाही, म्हणजे शकुन चांगला. निघताना आई म्हणाली, तनुजा, पठाड्याची पोर हायेस, कुणाचं ऐकून घेऊ नको. हे मला सांगायची काही गरज नव्हती.

नोकरी शहरातल्या छावणी भागात, बाजारामागच्या लॅबमध्ये. काम काय, ते अण्णांना तीनदा सांगून झालं. विषाणूच्या आत हजारो अक्षरांची एक ओळ असते. एका माणसातून दुसऱ्यात जाताना त्यातलं एखादं अक्षर चुकतं. शाळेत दोन वह्यांत एकच चूक सापडली की मास्तरांना कळायचं, कुणी कुणाचं बघून लिहिलंय. आम्ही तेच करतो. चुका जुळवायच्या आणि ताप कुणाकडून कुणाकडं गेला त्याची वंशावळ मांडायची. अण्णा म्हणाले, म्हंजी तापाची तलाठी झालीस की! झाले तर झाले.

खोली शहराबाहेर, शेंद्र्याला मिळाली. लॅबमध्ये नळ्या मांडणाऱ्या केसरबाईंच्याच घरी, मागच्या अंगाला. रान कारखान्यांत गेलं, तेव्हा त्यांनी अकरा खोल्या बांधल्या. कामगार राहतात. सगळ्यांना पाण्याची टाकी एकच. केसरबाईंचे मालक कडुबा गेल्या जूनमध्ये तापानं वारले. तरी बाई हसऱ्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागले पण.

२६ फेब्रुवारी

काम जमलं. एका खेपेला चोवीस नळ्या. तेवीस नळ्यांत आजारी माणसांच्या नाकातले नमुने आणि चोविसाव्या नळीत नुसतं शुद्ध पाणी. तिला आम्ही कोरी नळी म्हणतो. तिच्यात काही सापडलं, तर नमुने एकमेकांत मिसळले असं समजायचं आणि अख्खी खेप फेकायची. काही नसलं की रजिस्टरात चोविसाव्या नळीपुढं एकच शब्द लिहायचा: स्वच्छ.

ते पाणी अंगठ्याएवढ्या सीलबंद बाटलीत येतं आणि फ्रिजमध्ये राहतं. इकडं शेंद्र्याला टँकर चौथ्या दिवशी, शहरात नळ आठवड्यानं. मावशी बाटली उजेडात धरून म्हणाल्या, बया, येवढ्याशा पाण्याचा केवढा मान! आमच्या हंड्याला कोन इचारतंय?

मावशींना लिहिता-वाचता येत नाही. पण नमुने आले की मी एकदा नावं वाचून दाखवते, आणि त्या तेवीसच्या तेवीस नावं, गावासकट, पाठ म्हणत नळ्या लावतात. आजवर एक नळी चुकलेली नाही. मी तर रोज यादी बघूनही गोंधळते.

माझी खुर्ची आधी मंदार दामले नावाच्या मुलाची होती. शेंद्र्याची खोलीही त्याचीच. तो कुठं गेला, असं उमा मॅडमना विचारलं. त्या आमच्या मुख्य. बोलणं मऊ, साडी कडक इस्त्रीची. म्हणाल्या, गेल्या जूनमध्ये हार्ट अटॅकनं गेला, एकोणतीस वर्षांचा होता. आणि लगेच फाईल मागितली.

१८ मार्च

चोविसाव्या नळीत विषाणू सापडला. तोही पूर्ण. आजाऱ्यांच्या नळ्यांत ओळ तुटकी-फाटकी मिळते. ही पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत धड. माझीच चूक असणार म्हणून खेप फेकली आणि नवी बाटली फोडली. परत तोच. तिसऱ्यांदा मावशींना साक्षीला उभं केलं. परत तोच.

मॅडमचा चेहरा पडला. म्हणाल्या, उन्हानं मशीन बिघडलं असेल, तू आपलं स्वच्छ लिहून टाक. मी म्हटलं, मॅडम, सापडला तर सापडला लिहीन. आणि लिहिलं.

१९ मार्च

रजिस्टरात चोविसाव्या नळीपुढं स्वच्छ लिहिलंय. माझ्याच अक्षरात. खाडाखोड नाही.

मॅडमवर तडकले. त्यांनी मुलाची शपथ घेतली की रजिस्टराला हात लावला नाही. खोटं बोलणारं माणूस नजर चुकवतं. या माझ्याकडंच बघत होत्या. मी परत लिहिलं, सापडला. फोटोही काढून ठेवला.

२० मार्च

रजिस्टरात स्वच्छ. फोटोतही स्वच्छ.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त राग आला. माझ्या हातचं खोडणारा तू कोण रे? परत लिहिलं.

९ एप्रिल, पाडवा

सगळ्यांना सुट्टी. मी श्रीखंड-पुरी खाऊन एकटीच लॅबमध्ये आले आणि गेल्या वर्षीच्या शेंद्र्याच्या तापाची वंशावळ काढली. अकरा मृत्यू, त्यात कडुबा. सगळ्या फांद्या मागं जाऊन एकाच जागी मिळतात. ती जागा रिकामी आहे. म्हणजे ज्या एका माणसाकडून हा ताप शेंद्र्याला गेला, त्याचा नमुना कधी नोंदलाच गेला नाही.

चोविसाव्या नळीतली ओळ त्या जागी ठेवून पाहिली. बसली. एका अक्षराचा फरक नाही.

दुपारचे दोन वाजलेत, बाहेर ऊन रणरणतंय आणि माझ्या अंगावर काटा आहे. पाण्याला ताप येत नसतो.

११ एप्रिल

मावशींना विचारलं. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. गेल्या जूनमध्ये मंदार तापानं फणफणला होता. मॅडमनी त्याचा नमुना घेऊ दिला नाही. लॅबचाच माणूस आजारी निघाला तर लॅबला कुलूप लागलं असतं. त्यानं गुपचूप आपल्या नाकातला नमुना कोऱ्या नळीत टाकला. दुसऱ्या दिवशी मॅडम रजिस्टरात काहीतरी लिहून त्याला म्हणाल्या, काही नाही तुला, घरी जा. तो घरी आला आणि कडुबांच्या ताटाला ताट लावून जेवला. तिसऱ्या दिवशी वारला.

मी त्या तारखेचं पान उघडलं. चोविसावी नळी: स्वच्छ. अक्षर मॅडमचं.

मावशींना वंशावळ दाखवली. कडुबांची फांदी कुठली, ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, येक शबूद खरा लिवला असता, तर म्या मालकाला वायलं ठिवलं नसतं व्हय? मला रडू आवरेना. त्याच मला पाणी द्यायला उठल्या.

१२ एप्रिल

मॅडमनी कबूल केलं. चौदा जणांच्या नोकऱ्या होत्या, दोन दिवसांनी दुरुस्त करू म्हटलं, म्हणाल्या. ढसाढसा रडल्या. मी गप्प बसणारी नाही. म्हटलं, अकरा माणसं, मॅडम. मग त्यांनी स्वतःच्या हातानं त्या पानावर मंदारचं नाव लिहिलं.

संध्याकाळपर्यंत तिथं परत स्वच्छ.

आता मॅडमही माझ्या बाजूच्या आहेत. पण खोडतंय कोण?

६ मे

चोविसाव्या नळीतली ओळ बदलतेय. गेल्या महिन्यात एक अक्षर, आज दुसरं. अक्षर जिवंत माणसाच्या अंगातच बदलतं. म्हणजे हा ताप आत्ता कुणाच्या तरी अंगात वाढतोय.

लॅबमधल्या चौदाही जणांचे नमुने तपासले. माझाही. कुणातच काही नाही.

१४ मे

सकाळपासून ताप. घसा सोललाय. पाठ —

माझा नमुना मशीनला लावला. ती ओळ मला पाठ आहे. सहा तारखेची चोविसावी नळी. अक्षर न् अक्षर.

माझ्या अंगात आला त्याच्या आठ दिवस आधी तो त्या नळीत होता. ती नळी माझी वाट बघत होती. बघ म्हणावं. मी शेंद्र्याला जाणार नाही. अकरा खोल्या, एक टाकी. नमुन्यांच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलंय. आतून कडी.

१५ मे

आरोग्य खात्याची माणसं आली, मी स्वतःच नमुना घेऊन दाराच्या फटीतून सरकवला. रिपोर्ट आला. स्वच्छ. दोनदा. डॉक्टर दाराबाहेरून म्हणतात, ऊन लागलंय तुम्हाला, घरी जाऊन पडा. मॅडम त्यांच्याशी भांडताहेत, नाही हो, तिला आहे, मी बघितलंय. त्यांनी कागद दाखवला. कागदावर तेच.

मला घरीच तर पाठवायचंय ना या खोडणाऱ्याला? मंदारला पाठवलं तसं. नाय जात! दार फोडलं तरी नाय जात.

१६ मे

आज बरं वाटतंय. ताप उतरला. दार उघडून घरी जावं, मावशी वाट बघत असतील, मी अगदी स्व—

हे मी लिहिलं नाही.

हात माझा. अक्षर माझं. शब्द त्याचा. ताप एकशे चार आहे. वही भिंतीशी फेकली, परत उचलली. वर गिरवते आहे — मी आजारी आहे, मी आजारी आहे —

१७ मे, सकाळ

लिहिलेलं टिकत नाही. कागद त्याचा, पेन त्याचं. पण —

मावशी!

मावशींच्या कुठं कागदावर असतं काही?

१७ मे, दुपार

दाराच्या फटीतून सांगितलं. एकदाच. गेल्या वर्षीचा ताप मंदारचा. लॅबनं लपवला. आता तोच माझ्या अंगात. मी पंधरा दिवसांत कुणाकुणाजवळ बसले, कुणाच्या हातचा चहा प्याले, सगळी नावं. एकोणीस. मावशींनी घडाघडा परत म्हणून दाखवली. गावासकट. एक चुकलं नाही.

म्हणाल्या, माझ्या टकुऱ्यातलं खोडून दावू दे म्हनावं, मंग बघते.

गेल्या. तोंडाला पदर बांधून, लांबूनच हाका मारत, दारोदार. मॅडमही गेल्या, गाडी घेऊन.

संध्याकाळ

श्वास — छोटा —

मॅडमचा फोन आला. मावशी बोलत्यात. शेंद्र्याच्या देवळाच्या भोंग्यावरून — माझं नाव — मंदारचं — कडुबांचं — लोक दारं लावून घरात बसलेत. एकोणीसही वायले बसलेत. एकोणीस!

हरलास रे.

हात ओढतोय. तोच शब्द काढायला बघतोय. काढू देणार नाय. लई झालं. रजिस्टर मांडीवर घेतलंय. पुसलं तर पुसू दे, बाहेर ऐकलंय सगळ्यांनी. तरी लिहिणार. माझ्या हातानं —

चोविसावी नळी : मंदार दामले.

चोविसावी नळी : तनुजा कारभारी पठा—