पट्ट्याची खुर्ची आणि विजयश्रीची अकराची फेरी

४ नोव्हेंबर
अपघातानंतर मानेखाली काही हलत नाही, म्हणून डायरी मोबाइलला बोलून लिहितो. विजयश्री बाहेर गेल्यावरच. बायको असली म्हणून काय झालं. रोज अकराला भाजीला जाते. पिशवी बऱ्याचदा रिकामीच येते. तसं तिला माझ्याशिवाय करमत नाही. मग जाते कुठे?

९ नोव्हेंबर
भाची करिष्मा चाकणच्या कंपनीत इंजिनिअर. तिनं इलेक्ट्रिक खुर्ची आणली. हात लागत नाहीत. कपाळाला पट्टा, त्यात सेन्सर. मान झुकवली की पुढे, वळवली की वळते, मागे टेकवली की थांबते. मनातलंही कळतं का, विचारलं. म्हणाली, मामा, फक्त मान कळते. उत्तर फारच तयार होतं. सहकार्य करायचं नाही, ठरलं.

१० नोव्हेंबर
जमेल का, असं करिष्मानं विचारलं. मी ठामपणे नकारार्थी मान हलवली. खुर्ची डावीकडे, उजवीकडे, मग मान झुकली तशी थेट फ्रिजवर. विजयश्री हसली. कित्येक महिन्यांनी. दोघींचं आधीच ठरलेलं असणार.

१६ नोव्हेंबर
खुर्ची पूर्ण कंट्रोलमध्ये. फ्रिजचा दरवाजा वाकला, पण फ्रिजच चुकीच्या जागी आहे. विजयश्री फोनवर हळूच म्हणाली, ते स्वतः फिरायला लागले की मी मोकळी. म्हणजे मला कुठल्या तरी आश्रमात टाकणार. उद्या पाठलाग. मी शिफ्ट सुपरवायझर होतो, माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

१७ नोव्हेंबर
पाठलाग यशस्वी. गेटबाहेर एकटा, पहिल्यांदाच. रिक्षावाला म्हणाला, भाऊ, दमानं. विजयश्री कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर. सोबत कुणी नाही. फोनही पर्समध्ये. नुसती रस्त्याकडे बघत बसलेली. मला पाहून म्हणाली, अहो, एकटे आलात? डोळे भरले तिचे. मी दरडावून विचारलं, इथं काय चाललंय. म्हणाली, काही नाही. रोज थोडा वेळ काहीच करत नाही, घरी ते जमत नाही. मग तिच्या हातानं मला चहा पाजला. पेला खाली ठेवून शांतपणे म्हणाली, उद्यापासून तुम्ही देवळापर्यंत जात जा. ही टपरी माझी.

१८ नोव्हेंबर
देवळाकडे निघालो. स्वतःच्या मर्जीनं. टपरीसमोर मान जराही वळू दिली नव्हती. एकदाच तिकडे बघितलं, तर खुर्ची वळली. विजयश्रीनं चहा न सोडता हातानंच पुढे जायची खूण केली.