अणुभट्टीतली घट

१४ जून १९५६, गुरुवार

अण्णांचा डावा डोळा गेला! तंजावरचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, आता उपाय नाही. उजव्यात उजेड आहे, तोही हळूहळू जाईल. अण्णा नुसते ऐकत होते. परतीच्या गाडीत बसल्यावर म्हणाले, "वेणी, अहवाल तुला लिहावा लागणार." डोळ्याबद्दल एक अक्षर नाही.

त्रिचीच्या कॉलेजला तार केली—रजा वाढवा. तिथं माझ्या जागी आता दुसरी कुणी भौतिकशास्त्र शिकवेल. शिकवू दे.

१६ जून

अहवाल म्हणजे काय, ते इथं एकदा लिहून ठेवते. तुळसीआत्या दिवसातून चारदा विचारते आणि दर वेळी मी वेगळंच सांगते.

सप्टेंबरात न्यूयॉर्कला सगळ्या देशांची परिषद आहे. एक आंतरराष्ट्रीय संस्था निघायची आहे—वीज हवी, औषधं हवीत अशा देशांना ती अणुभट्टी देणार. शांततेसाठी! पण भट्टीत युरेनियम जळतं तेव्हा त्यातलंच थोडं प्लुटोनियम होतं. ते वेगळं काढलं की बाँबचा माल तयार. म्हणजे द्यायचा दिवा आणि त्यातून लागायची आग. मग पहारा कसा ठेवायचा? दिल्लीच्या एका अभ्यासमंडळानं पाच-सहा जुन्या प्राध्यापकांकडून मत मागवलं आहे. त्यांतले एक आमचे अण्णा. मंडळ ते मत आपल्या शिष्टमंडळापुढे ठेवणार.

आत्याला सांगितलं, "अण्णा सगळ्या जगाला एक कुलूप करून देतायत." ती म्हणाली, "आणि किल्ली कोणाकडे?"



२५ जून

सकाळी काप्पी झाली की ओट्यावर बसतो. अण्णा सांगतात, मी लिहिते. इंग्रजीत सांगतात, मराठीत रागावतात. रस्त्यावरून जाणारे थांबून बघतात—रघूत्तमरावांची मुलगी कारकून झाली!

अण्णांचा मुद्दा सरळ आहे. भट्टीनं किती उष्णता दिली हे मोजता येतं. त्यावरून आत किती प्लुटोनियम झालं असेल ते गणितानं निघतं. निरीक्षक येईल, गणित करील, माल वजन करील. कमी भरलं तर चोरी झाली. "निसर्ग खोटं बोलत नाही," हे वाक्य त्यांनी मला दोनदा लिहायला लावलं.

गेल्या वर्षी अण्णा जिनीव्याच्या अणुपरिषदेला गेले होते. तिथं मांडलेली भट्टी पाण्यात होती. त्या पाण्यातला निळा उजेड त्यांनी पाहिला. आजही सांगताना हात हलतात—"असा निळा, वेणी, कुठल्या फुलात नाही." मला वाटतं, त्यांना त्या निळ्याची अब्रू वाचवायची आहे.

३० जून

आज उलटं धरलेलं पान वाचल्यासारखं केलं त्यांनी. 

८ जुलै, रविवार

आत्याबरोबर नाचियार्कोविलला, समयांच्या गावी. तिच्या दिराच्या नातीचं लग्न आहे, आहेराला समई हवी. घरची फुटकी पितळी भांडी तिनं मागच्या महिन्यात ओतारी स्वामीनाथ आचार्‍याकडे वजन करून दिली होती, त्यांचीच समई ओतून घ्यायची म्हणून. आज तयार समई तराजूत घातली—दिल्यापेक्षा बरीच कमी!

"उरलेलें पितळ गेलें कोठें?" आत्यानं आधी मराठीत विचारलं, मग तमिळमध्ये दुप्पट आवाजात.

आचारी शांत. "आगीनं खाल्लं, अम्मा. थोडं मातीत बसलं. थोडं कानशीत उडालं. प्रत्येक वेळी घट येतेच."

"मज आग दाखवूं नको!"

आत्या पार बसस्टँडपर्यंत बडबडत होती. मी हसत होते. परतीच्या बसमध्ये साक्कोट्टैचं वळण येईपर्यंत हसले आणि मग हसू गेलं. आचारी खोटं बोलत होता असं नाही. खरं बोलत होता असंही नाही. कुणी सांगायचं? त्या घटीच्या आत चोरी झाली असली तरी आत्याला ती कधी कळणार नाही. मलाही नाही.

आणि भट्टीत घट येत नाही का?

११ जुलै

येते! जिनीव्याच्या परिषदेचे सगळे छापील खंड काढले. भट्टीतून माल काढल्यावर तो आम्लात विरघळवतात, नळ्यांतून नेतात, पुन्हा वेगळा करतात. थोडा नळीला चिकटतो. थोडा सांडपाण्यात जातो. मोजणारी उपकरणंही कुठं अगदी नेमकी? लेखांमधून हे ओझरतं आलंय, जसं कुणी घरातलं भांडण पाहुण्यांपुढे सांगतं. एकत्र करून कुणी पाहिलेलं दिसत नाही.

मी पाहते आहे. 

१३ जुलै

लहान भट्टीत काही बिघडत नाही. घट इतकीशी की तिच्यात काही लपणार नाही. मोठा कारखाना धरला, त्याला चार-पाच वर्षं दिली, की घटीच्या नावाखाली एका बाँबचा माल निघून जातो. निरीक्षक प्रामाणिक, तराजू चोख, तरी जातो. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

उद्या अण्णांना सांगायचं. उद्या नको. परवा.

१५ जुलै

सांगितलं. आधी विश्वास बसेना. तक्ता वाचून दाखवायला लावला, एकेक ओळ. मध्ये दोन ठिकाणी अडवलं, मी उत्तर दिलं.  आत्यानं वाढलेलं पान तसंच राहिलं.

संध्याकाळी म्हणाले, "हें अहवालात जाणार नाही."

"का?"

"पहारा नकोच म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या हातात तूं कोलीत देतेस. म्हणतील, पहारा कुचकामी आहे, प्रोफेसरच सांगतात!"

"आणि न लिहिलं तर? लोक आपल्या भरवशावर निवांत झोपतील, अण्णा. आणि माल जात राहील."

"जो माहीत नाही तो रस्ता कोणी धरत नाही."

"मला सापडला तो दुसर्‍याला सापडणार नाही?"

"तुला सापडला, कारण तुला चोरी पकडायची होती." मग अगदी हळू, "करायची असती तर किती लवकर सापडला असता, वेणी?"

मी उठून आत गेले. रडले. राग कसला आला ते अजून कळत नाही. ते चुकले म्हणून नाही. ते पूर्ण चुकलेले नाहीत म्हणून.

२२ जुलै

बोलत नाहीत. पाणी हवं असलं तर आत्याला हाक.

२ ऑगस्ट

आज आडीपेरुक्कु, नदीच्या पुराचा सण. कावेरी भरून आलीय, घाटावर बायकांची गर्दी. आत्यानं चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात केला होता. त्याच वेळी गोपालकृष्ण दिल्लीहून आला. अण्णांचा जुना विद्यार्थी, इथल्याच पेठेतला, आता त्या अभ्यासमंडळाचा सचिव. अण्णांच्या पाया पडला. डोळे पाहून त्याच्याच डोळ्यांत पाणी. माणूस वाईट नाही. हे मुद्दाम लिहिते.

मसुदा चाळला. अण्णांनी नको म्हटलेला माझा तक्ता मी शेवटी जोडला होता—अण्णांना न सांगता. तो पाहून गोपालकृष्ण ताठ बसला.

"सार, हे कुणाचं काम?" दिल्लीला राहूनही "सर"चं "सार"च करतो.

 मी म्हटलं, "माझं."

"फार मोठं काम आहे! हे पहिल्या पानावर घ्यायला हवं. ज्यांच्या कोठारात बाँब भरलेत ते आमच्या स्वयंपाकघरात डोकावणार, आमची भांडी मोजणार! आता आपण पुराव्यानिशी सांगू—तुमची मोजणी मुळात जमतच नाही. पहारा नको."

अण्णांनी मान माझ्याकडे वळवली. नीट दिसत नव्हतं, तरी माझ्याकडेच. जणू म्हणत होते, मी सांगत होतो ना!

मी म्हटलं, "माझं म्हणणं तसं नाही. मोजणी पुरत नाही, म्हणून पहारा जास्त हवा. निरीक्षकानं वर्षातून एकदा येऊन भागणार नाही, कारखान्यात राहायला हवं. माल वेगळा काढायचे कारखाने प्रत्येक देशानं घालूच नयेत, सगळ्यांचा मिळून एक असावा. आणि डोकावायचं तर सगळ्यांच्या स्वयंपाकघरात—बाँबवाल्यांच्या आधी."

गोपालकृष्ण हसला. "ते कबूल होतील?"

"न होवोत. आपण मागायचं तरी."

"बाई, परिषदेत इच्छा चालत नाहीत. तक्ता चालतो. तो द्या. निष्कर्ष आम्ही बघतो."

तेव्हा अण्णा बोलले. पंधरवड्यात पहिल्यांदा माझ्याबद्दल. "तक्ता आणि निष्कर्ष एकत्र जातील. वेगळे करायचे असले तर माझं नाव काढ."

गोपालकृष्ण वरमला. "सार, तुम्ही सांगाल तसं." पुढ्यातला चिंचेचा भात त्यानं मुकाट्यानं संपवला.

तो गेल्यावर अण्णा कितीतरी वेळ काठीशी चाळा करत होते. मग म्हणाले, "मी घाबरलो होतो. आजही घाबरलेला आहे. पण लपवलेलं ज्ञान राखायला मजजवळ डोळेही नाहीत. लिही. तुझ्या नावानं."

१३ ऑगस्ट

अहवाल टपालात टाकला. दोन नावं—रघूत्तमराव आणि कृष्णवेणी. शेवटचं प्रकरण सबंध माझं. अण्णांनी सहीसाठी हात पुढे केला, मी बोट धरून ओळीवर ठेवलं. सही तिरपी झाली, वर चढत गेली.

आत्यानं पोस्टातून आल्यावर दृष्ट काढली. कुणाची, विचारलं तर म्हणाली, "त्या कुलपाची."

९ सप्टेंबर

काही नाही. पत्र नाही. अण्णा रोज विचारतात.

२८ ऑक्टोबर

पेपर वाचून दाखवला. परिषद संपली, संस्थेची घटना मंजूर. पहार्‍याच्या कलमावर दिवसचे दिवस वाद झाले, शेवटी मधला मार्ग निघाला. निरीक्षक असतील. पण मोठ्यांच्या घरात कुणी डोकावणार नाही.

"आपलं कांही त्यात?" अण्णांनी विचारलं.

पुन्हा सबंध वाचलं. "तसं नाही दिसत, अण्णा."

"पेपरवाले सगळं छापतात थोडंच!" म्हणाले आणि विड्याचं पान मागितलं. लावलेला विडा हातातच राहिला.

५ नोव्हेंबर

दिवाळीला गोपालकृष्ण घरी आला होता, आज आमच्याकडे. फार चांगलं बोलला. तक्त्याची सगळीकडे वाहवा झाली. मंडळानं तो वेगळा छापून इतर देशांच्या लोकांना वाटला.

"आणि निष्कर्ष?"

"लांब होता, बाई. वर अडवला. मी भांडलो—खरंच भांडलो. म्हणाले, आकडे सर्वांचे, मतं ज्याची त्याची."

"सबंध अहवाल एकत्र जाईल असं कबूल केलं होतंस."

त्यानं खाली पाहिलं. अण्णा म्हणाले, "त्याला काप्पी दे, वेणी." मी दिली. कप ठेवताना बशीत सांडली.

तो गेल्यावर अण्णांना म्हटलं, "तुम्ही म्हणत होतात तेच झालं." मला वाटलं, ते मान हलवतील. ते म्हणाले, "नाही. मी म्हणत होतो, लिहूं नको. तें चूकच होतं. पण बरोबर काय होतं, तेंही मज आतां कळत नाही."

१९ नोव्हेंबर

त्रिचीच्या कॉलेजनं दुसरी बाई कायमची घेतली. ठीक.

६ डिसेंबर

सकाळी अण्णा म्हणाले, "अजून दिवा कां लावला नाही?" खिडकीतलं ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं. आत्यानं तोंडावर पदर धरला. मी काडी ओढली, त्यांना तिचा आवाज ऐकू येईल अशी. "लावला, अण्णा."

त्यांना कळलं. मला कळलं की त्यांना कळलं.

२ जानेवारी १९५७

मार्गळी महिन्याची थंडी. देवळातून पहाटे भजन ऐकू येतं, तेव्हा अण्णा उठून बसलेले असतात. वाचून दाखवू का, विचारलं. नको म्हणाले. मग म्हणाले, "बाँबचं कांही नको. समुद्राचं, पक्ष्यांचं कांही असेल तर वाच." आमच्या घरात पक्ष्यांचं एक पुस्तक नाही!

१९ जानेवारी

दुपारी एक परदेशी पाहुणा आला. देशाचं नाव इथंही लिहीत नाही. मृदू बोलणं, आत्याला वाकून नमस्कार. आमचा तक्ता वाचून एवढ्या लांब आलो म्हणाला. अण्णांचा चेहरा किती महिन्यांनी उजळला—"वेणी, कोणीतरी वाचलं!"

निष्कर्ष वाचलात का, मी विचारलं. तो आमच्याकडे आला नाही, म्हणाला.

मग त्यानं एक कागद माझ्यापुढे धरला. त्यावर एकच आकडा. "आमच्या कारखान्यातून वर्षाला एवढं बाजूला काढलं, तर ते घटीत मावेल ना? तुमच्याच रीतीनं काढलंय. फक्त तपासून हवं होतं."

मी कागद परत दिला. म्हटलं, मी हे तपासणार नाही.

पण पाहताक्षणीच तपासून झालं होतं. आकडा बरोबर होता.