फळीपलीकडचा ठोका

मी, खाली सही करणारी, वय बाहत्तर, धंदा गिटारच्या खासगी शिकवण्या, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही धाकाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं, मत वेगळं आहे. ते जोडलेलं नाही.

कलम १. हे दोन खोल्यांचं घर माझ्या आणि दादाच्या नावावर आहे. माझा हिस्सा दादाला आणि त्याच्यामागे त्याच्या मुलीला मिळावा. मधलं लाकडी पार्टिशन मात्र कोणीही पाडू नये. कारण पुढे येईल.

कलम २. बँकेतली शिल्लक त्याच भाचीला. सख्खी आत्या घरात असताना तिने मोबाईलवर व्हिडिओ बघून गिटार शिकायचा घाट घातला होता. मी माफ केलं आहे. विसरलेली नाही.

कलम ३. टकटक करून ताल दाखवणारं मेट्रोनोम चौकातल्या म्युझिक क्लासच्या मालकाला. तो हॉलभर मुलं बसवून सगळ्यांकडून एकच गाणं घोकून घेतो आणि वर मला चारचौघांत म्हणाला होता, "बाई, एकेकाला शिकवण्यात तुमचा जन्म गेला." गेला, आणि मजेत गेला. मी आधी विद्यार्थ्याची नखं बघते, मग त्याला आवडणारं गाणं विचारते. एका तासाला एकच गोष्ट. 'जी' कॉर्डवरून 'सी'वर जाताना बोटं अडखळत असतील, तर तेवढंच, गोगलगाईच्या चालीने. शेवटी त्याने माझ्या खुर्चीत बसून तेच मला शिकवायचं. तिथे कळतं, काय पोचलं आणि काय वाटेतच सांडलं. रोज दहा मिनिटं वाजव म्हणते, रविवारी तीन तास नको. हे मालकाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून यंत्र.

कलम ४. मला स्वतःला ते यंत्र फारसं लागलं नाही. पार्टिशनपलीकडे दादा कपडे शिवत बसतो. इकडे कोणी घाई केली की तिकडून फळीवर अंगुस्तानाचा, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेल्या धातूच्या टोपीचा, ठोका पडतो आणि लय सावरेपर्यंत पडत राहतो. त्याने गिटारला कधी हात लावलेला नाही. नव्या विद्यार्थ्यांना वाटतं, नळाचा पाइप वाजतोय. मध्यंतरी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तो भाचीकडे राहायला गेला, तर गाडी चुकेल म्हणून धावावं तसे माझे सगळे विद्यार्थी सुसाट सुटले. तेव्हापासून मला कोडं पडलंय: इतकी वर्षं शिकवत होतं कोण? आणि ज्याच्या कानात एवढं आहे, त्याच्या बोटांत काय असेल? ते ऐकल्याशिवाय मरायची माझी तयारी नाही. नाना परीने विचारून झालं. "ह्या वयात बोटं वळायची नाहीत," म्हणतो आणि शर्टाची काजं करायला घेतो.

कलम ५. म्हणून निदान माझ्यामागे तरी माझी गिटार दादाला. माझी जुनी विद्यार्थिनी, दातांची डॉक्टर, त्याला दर आठवड्याला शिकवील.

हे कलम मी आत्ताच मोठ्याने वाचून दाखवलं. पलीकडचं मशीन थांबलं.

"तू गेल्यावर शिकू? मला काय वेड लागलंय?" दादा म्हणाला. "माझी लय चुकली तर फळी कोण वाजवणार गं?"

मला रडू आलं, तेही इथे नोंदवते.

दुरुस्ती. कलम ५ रद्द. गिटार आजपासून दादाची. पहिली शिकवणी आजच संध्याकाळी पाच वाजता, नखं कापून यावं. एक कॉर्ड बसवून देईन आणि मी पलीकडे जाऊन बसेन. बाकीच्या कलमांना घाई नाही.

साक्षीदार:
१. दातांची डॉक्टर. कलम ५ मधून सुटका झाल्याने साक्षीला मोकळी.
२. खालच्या मजल्यावरचा किल्ल्या बनवणारा. वरचा मजकूर बाईंनी आमच्यासमोर वाचला आणि आमच्यासमोरच सही केली.

दिनांक: सात मार्च, संध्याकाळ.
स्थळ: पार्टिशनच्या पलीकडे, दादाच्या मशीनपाशी.
सही: केली आहे. वाकडी आली, कारण मध्येच फळीवर ठोका द्यावा लागला.