बाजार जागेवरच राहिला

अगं,
तुला उठवलं नाही. भाजी घेऊन मीच बाजारात गेलोय. चहा थर्मासमध्ये आहे.

काल नगरपालिकेच्या सभेत बाजार गावाबाहेर हलवायचं ठरत होतं, तेव्हा तू बोलायला उठलीस आणि मी तुझा हात ओढून “खाली बस, शोभा करू नकोस” म्हणालो. तू बसली नाहीस. “साहेब, म्हाताऱ्या बायकांनी डोक्यावर ओझं घेऊन तीन किलोमीटर चालायचं? आधी तुम्ही चालून दाखवा!” म्हणालीस. अख्खी सभा तुझ्या बाजूने उठली आणि ठराव बारगळला.

येताना मी गप्प होतो, तो राग नव्हता. मला माझीच लाज वाटत होती. तुझ्याएवढी धमक माझ्यात नाही.

झोप झाली की ये. आज सगळे तुलाच शोधतील, माझ्याकडून कोण भाजी घेतंय!