पोच मिळेना, दाढ दिसेना

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार (वाकलं की दाढ ठणकते, म्हणून मनातल्या मनात). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला गेला का? मी मजेत आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

दाढ दुखायला लागली म्हणून भावोजींच्या दवाखान्यात गेलो. (सख्ख्या बहिणीचा नवरा दंतवैद्य असला की दुसरीकडे जायची सोय नसते.) माझा आरडाओरडा ऐकून त्यांनी आधी इंजेक्शन देऊन जबडा बधिर केला, मग एक्स-रे काढला आणि आम्ही दोघे पडद्याकडे बघत बसलो. एक पट्टी उमटे, सगळं थांबे, मग पुढची पट्टी. भावोजी म्हणाले, "महिनाभर हेच चाललंय. तीनदा वायर बदलली." मामा, त्यांचा संगणक चालतो आमच्याच कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, आणि तिचं नेटवर्क मी सांभाळतो! चित्र तुकड्यातुकड्यांनी येतं आणि तुकडा मिळाल्याची पोच संगणकाने द्यायची असते. आमच्या सिस्टिमने काटकसर म्हणून दोन तुकड्यांची मिळून एकच पोच द्यायचं ठरवलेलं. एक्स-रेचं यंत्र मात्र पहिल्याची पोच आल्याशिवाय दुसरा तुकडा सोडायला तयार नाही. दोघंही एकमेकांची वाट बघत हटून बसलेले, शेवटी सिस्टिम कंटाळून पोच देई तेव्हा कुठे पुढची पट्टी, आणि मध्ये मी, आ वासून! कोडं सुटल्याच्या आनंदाने मी ओरडलो, "पोच! पोच!" बधिर तोंडातून "ओ! ओ!" एवढंच निघालं. भावोजी म्हणाले, "अरेरे, अजून दुखतंय?" आणि दुसरं इंजेक्शन टोचलं.

सुजल्या गालाने ऑफिसात जाऊन दुरुस्ती केली: तुकडा एकटा आला तरी पोच लगेच द्यायची. आमच्या साहेबांनी (त्यांना आम्ही 'विरामचिन्ह' म्हणतो) कोडला हात लावला नाही, पण शेजारच्या टिपणीतल्या स्वल्पविरामावरून मला दोनदा परत पाठवलं. अखेर सुधारलेली सिस्टिम दवाखान्यात बसवली, पुन्हा एक्स-रे काढला. चित्र झटकन आलं. त्यात एक नव्हे, तीन दाढा किडलेल्या दिसल्या.

मामींना नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. तुमच्या ओळखीत हलक्या हाताचा दुसरा दंतवैद्य आहे का? ताईला पत्ता लागू देऊ नका.

ता. क. २ (हे अक्षर माझं, ताईचं.) मामा, हा शहाणा ह्या पत्राचं पाकीट दवाखान्यातल्या खुर्चीवरच विसरून गेला. चित्र इतकं झटकन यायची सवय नाही, त्यामुळे यांनी घाईत दुसऱ्याच पेशंटचं उघडलं. ह्याची एकच दाढ किडली आहे. सोमवारी तो दाढ भरायला येणार आहे, तोपर्यंत त्याला सांगू नका. जरा घाबरू दे.